पॅकिंग सेक्शनचे शुक्रवार

"बाई, 'केमिकल' लिहा. एवढा एकच शब्द लिहा," जाधव म्हणाले.

"तो शब्द लिहिलात तर उद्या गेटला कुलूप लागेल," एम. के. साहेब म्हणाले. "फूड पॉयझनिंग लिहा. कँटीनवाल्याला मी बघतो."

दोघेही माझ्या टेबलावर वाकले होते आणि मधे कोरा केसपेपर होता. जाधव युनियनचे सेक्रेटरी, एम. के. साहेब वर्क्स मॅनेजर. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं त्या शनिवारी सकाळी माझ्या दवाखान्यात खांद्याला खांदा लावून उभी होती. मला दोघांनाही बाहेर हाकलावंसं वाटत होतं. ज्या बाईबद्दल हे चाललं होतं ती सुलोचना नुकतीच कारखान्याच्या गाडीतून पनवेलच्या हॉस्पिटलला गेली होती, आणि ती धड पोचते की नाही याचीच मला खात्री नव्हती.

"मी आत्ता काहीच लिहिणार नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही ते मी लिहीत नाही."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात डॉक्टर होते. सकाळी कारखाना आणि संध्याकाळी वाशीला माझा स्वतःचा दवाखाना, असा माझा दिवस. कारखान्यातलं काम तसं साधं. कोणाचा हात भाजला, कोणाच्या डोळ्यात पावडर गेली, कोणाला सुट्टीसाठी ताप हवा. तापाचे पेशंट सोमवारी जास्त.

सुलोचना पॅकिंगमध्ये होती. तिथे बायका तयार रंगाची पावडर पिशव्यांत भरून ड्रममध्ये ठेवत. नावड्याची आगरी बाई, कामाला वाघ, आवाज मोठा. सकाळी शिफ्ट सुरू झाल्या झाल्या तिला उलटी झाली. उलटी लाल नव्हती. काळपट, दाणेदार, कॉफीची पूड पाण्यात ढवळल्यासारखी. रक्त पोटात काही वेळ पडून राहिलं की आम्लाने काळं होतं आणि असं दिसतं. म्हणजे पोटात आत कुठेतरी रक्त वाहतंय, आणि कधीपासून, ते ठाऊक नाही. तिची नाडी बारीक आणि पळत होती. हात गार. मी सलाईन लावलं, आमच्या मेल नर्सला बरोबर दिलं आणि गाडी पाठवली. चिठ्ठीत लिहिलं: रक्ताची उलटी, कारण अज्ञात, केमिकलशी संपर्क शक्य.

मीही जायला हवं होतं. पण मी थांबले, कारण सुलोचना पहिली नव्हती.

आधीच्या शनिवारी वत्सला नावाची दुसरी पॅकिंगची बाई आली होती. चक्कर येते म्हणाली. बराच वेळ आढेवेढे घेऊन मग लाजत सांगितलं की संडासला काळं होतं, डांबरासारखं. तेही रक्तच, खालच्या वाटेने बाहेर पडलेलं. तिचं थोडक्यात निभावलं होतं. पण एकाच सेक्शनमधल्या दोन बायका, दोघी शनिवारी, दोघींच्या पोटात रक्त. तिसरी कोण? ती आत्ता आत पिशव्या भरत असेल आणि तिला स्वतःलाही माहीत नसेल.

जाधवांचा संशय उगाच नव्हता. शुक्रवारी प्लँटमध्ये व्हेसल धुवायची असत. व्हेसल म्हणजे रंग शिजवायची मोठी बंद भांडी. ती पाण्याने निघत नाहीत, त्यासाठी सॉल्व्हंट वापरतात, म्हणजे रंग विरघळवणारं पातळ रसायन. त्याचा वास थिनरसारखा डोक्यात जातो. पॅकिंग शेड प्लँटच्या भिंतीला लागूनच. शुक्रवारी तिथल्या प्रत्येकीचं डोकं दुखे.

"शुक्रवारी धुलाई, शनिवारी रक्त. आता आणखी काय पुरावा पाहिजे?" जाधव म्हणाले.

मला पटत होतं आणि पटतही नव्हतं. वासाने डोकं चढतं, मळमळतं. नुसत्या वासाने पोटातून रक्त येत नाही. त्यासाठी काहीतरी पोटात जावं लागतं. मग कुठून गेलं? पिण्याच्या पाण्यातून? मी कूलर बंद करायला लावला. एम. के. साहेब कुरकुरले, पण बंद केला. पाण्याचा नमुना लॅबला दिला. हे सगळं करताना मला कळत होतं की पाणी तर पुरुषही पितात, आणि प्लँटमधल्या एकालाही काही झालेलं नाही. पण काहीतरी करत राहिलं की भीती जरा लांब राहते.

मग मी शेडमध्ये गेले. तिथला सुपरवायझर पवार, फर्स्ट-एडची पेटी त्याच्याकडे.

"काल कोणाकोणाला काय दिलं?"

"नेहमीचंच, मॅडम. डोकेदुखीच्या गोळ्या. शुक्रवारी पेटी रिकामी होते."

त्या गोळ्या ॲस्पिरिनच्या. तेव्हा घराघरात, पानाच्या गादीवरसुद्धा मिळणारी गोळी. डोकं, अंग, दात, काहीही दुखो, लोक घेत. औषध चांगलं आहे, पण त्याला एक खोड आहे. पोटाच्या आत एक बुळबुळीत अस्तर असतं, ते पोटाला त्याच्याच आम्लापासून वाचवतं. ॲस्पिरिन ते अस्तर कमकुवत करतं. शिवाय रक्त गोठू देत नाही. म्हणजे आधी ओरखडा काढायचा आणि मग त्यावर खपली धरू द्यायची नाही, असा दुहेरी उद्योग. पोटात अन्न असेल तर धोका कमी. म्हणूनच मी पवारला बजावून ठेवलं होतं की गोळी उपाशीपोटी कोणालाही द्यायची नाही, जेवण झाल्यावर द्यायची आणि वर कँटीनमधून ताकाचा ग्लास द्यायचा.

"ताक दिलंस?"

"मॅडम, मी स्वतः कँटीनमधून ट्रे घेऊन येतो. जेवणाची सुट्टी झाली की आधी ताक, मग गोळी." पवार दुखावला. तो खोटं बोलत नव्हता.

म्हणजे गोळीही नव्हे. जेवण झालेलं, ताक दिलेलं. मी तिथल्या बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. काल काय खाल्लं? "जेवली की." काय जेवलीस? "नेहमीचा." पोटात दुखतं का? "नाय." प्रत्येकीचं उत्तर झटकन, आणि नजर जमिनीवर. मला राग आला. तुमच्यातली एक बाई तिकडे मरायला टेकली आहे आणि तुम्ही मला 'नेहमीचा' सांगता?

जेवणाची सुट्टी झाली. मी कँटीनमध्ये जाऊन बसले. जेवण जाणार नव्हतंच, चहा मागवला. शेजारच्या टेबलावर पॅकिंगचीच कमल कांबळे डबा उघडत होती. नांदेडकडची, नवऱ्याबरोबर नावडे कॉलनीत राहणारी. सुलोचनाच्या शेजारच्याच स्टूलावर तिची जागा.

"कमल, काल डोकं दुखलं होतं तुझं?"

"लई दुखलं, बाई. दोन गोळ्या घेतल्या पवारसाहेबांकडून."

"आणि पोट?"

"पोटाला काय धाड भरलीय." तिने भाकरीचा तुकडा मोडला.

तीच जागा, तोच वास, तेच पाणी, त्याच गोळ्या. आणि ही ठणठणीत. मी तिच्या टेबलावर सरकले. तेवढ्यात आणखी दोघी डबे घेऊन आल्या, तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि तिच्या डब्यातली भाजी हक्काने उचलायला लागल्या. कमल हसून म्हणाली, "या आता. काल कशा लांब पळाल्या होत्या."

"लांब का?" मी विचारलं.

"शुक्रवारी माझ्याजवळ कोणी बसत नाही, बाई."

माझ्या मनात जे आलं ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ती एकदम जोरात हसली.

"तसलं काय न्हाई, बाई. माझ्या डब्यात लोणचं असतंय. ह्यांना शुक्रवारी आंबट चालत न्हाई. शिवायचं पण न्हाई म्हणतात."

शेजारच्या दोघींचे हात डब्यातच थांबले.

त्या काळात संतोषीमातेच्या शुक्रवारांचं खूळ घरोघरी होतं. माझ्या वाशीच्या बिल्डिंगमध्येही जिन्याजिन्यात गूळ-फुटाण्यांचा प्रसाद यायचा. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा करून जेवण. आंबट अजिबात नाही. चिंच नाही, लिंबू नाही, दही नाही.

आणि ताक नाही.

"काल तुम्ही जेवलात का?" मी त्या दोघींना विचारलं. आवाज चढला होता, मला थांबवता आला नाही. "ताक कोण प्यायलं?"

एक रडायलाच लागली. दुसरीने हळूहळू सांगितलं. पॅकिंगच्या सगळ्या बायका टेम्पररी होत्या. परमनंट व्हावं म्हणून कमल सोडून सगळ्यांनी मिळून शुक्रवार धरले होते. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून सेक्शनबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात कळलं तर लोक हसतील हीही धास्ती. सुट्टीत डबे घेऊन बसायचं, न उघडता परत न्यायचं. पवार ताकाचा ट्रे ठेवून वळला की ग्लास प्लँटच्या माणसांकडे जायचे. ती माणसं खूश. आणि मग दिवसभर काळ्या चहावर राहिलेल्या त्या बायका, डोकं फुटायला लागलं की गोळ्या घ्यायच्या.

"अगं, पण उपासाला गोळी कशी चालली तुम्हाला?"

ती माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली. "औषध चालतं ना, बाय. औषध म्हंजे काय खाना हाय का?"

तिच्या हिशेबात काहीही चुकलेलं नव्हतं. केळं खाल्लं असतं तर उपास मोडला असता का यावर त्यांच्यात वाद झाला असता. गोळीवर वाद नव्हता.

मी तिथल्या तिथे सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की आजपासून ही गोळी कोणीही घ्यायची नाही. काळं संडासला होत असेल तर लाजू नका, आत्ता सांगा. कोणी पुढे आलं नाही. वत्सलाने मात्र कमरेच्या पिशवीतून दोन गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. मागच्या आठवड्यात जिच्या पोटातून रक्त गेलं होतं ती बाई काल पुन्हा उपाशीपोटी तीच गोळी घेऊन बसली होती. उरलेल्या घरी न्यायला ठेवलेल्या.

"घरी कोणाला?"

"सगल्याच नेतात, बाय. सुलोचना तर सासूला नेतं. तिचे ढोपर दुखतात."

"सुलोचनाकडे आहेत आत्ता?"

"पदराला बांधलेल्या हायेत. नेहमीच असतात."

सुलोचना हॉस्पिटलमध्ये होती. तिचं डोकं कालपासून दुखत होतं. पदराला गोळ्या होत्या. आणि तिथल्या डॉक्टरांना माझ्या चिठ्ठीतून एवढंच कळलं होतं की केमिकल असू शकतं.

मी ऑफिसकडे अक्षरशः पळाले. पनवेलला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, नुसती खरखर. ऑपरेटर म्हणाली, लाइन खराब आहे. मी रिसीव्हर आपटला. एम. के. साहेबांनी काय झालं विचारलं, त्यांना म्हटलं, जीप द्या, नंतर सांगते. जाधव न विचारता मागे चढून बसले. त्यांना वाटलं असेल, बाई आता तिकडे जाऊन 'फूड पॉयझनिंग' लिहिणार.

तो रस्ता तेव्हा एकेरी होता आणि पुढे ट्रकांची रांग होती. मी आयुष्यात ड्रायव्हरला इतकं बोलले नाही. जाधवांना वाटेत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या घरात हे उपास बंद झाले, बाई. पण माझी आई अजून गोळी चहाबरोबर घेते, सकाळी उठल्या उठल्या."

हॉस्पिटलमध्ये सुलोचना कोपऱ्यातल्या खाटेवर होती. उशाशी सासू, हिरवं लुगडं, हातात पाण्याचं भांडं. मी काही विचारायच्या आत म्हातारीने माझा हात धरला.

"बाय, तुमी आलाव. तिचा डोका लय दुखतं. कवाची कन्हतंय."

"मावशी, हिला काही दिलंत का तुम्ही? खायला-प्यायला?"

"नाय गो, बाय. नर्सने सांगितला, तोंडान काय द्यायचा नाय. मी पोरीला तांदलाचा दाना नाय दिला." तिच्या आवाजात अभिमान होता. "फक्त तिच्या पदरातली गोली दिली. औषध."

"किती?"

"एक. आता दुसरी देनार होती, त तुमी आलाव."

तिच्या मुठीत ती गोळी होती. मी बोटं उघडून ती काढून घेतली. म्हातारीला मी ओरडले का ते मला नीट आठवत नाही. ओरडले नसेन अशी आशा आहे.

ड्यूटीवरचे सर्जन डॉ. साठे. त्यांना मी दोन वाक्यांत सांगितलं: केमिकल नाही, ॲस्पिरिन आहे, काल उपाशीपोटी घेतलेलं, आणि आत्ता इथे आणखी एक. त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही बोलत असतानाच तिला दुसरी उलटी झाली. या वेळी काळी नव्हती. लाल होती.

पुढचा वेळ माझा फार वाईट गेला. नळीतून गार पाणी आत घालून पोट धुणं चाललं होतं. आजच्यासारखी दुर्बीण आत सोडून रक्त थांबवायची सोय तिथे तेव्हा नव्हती. थांबलं तर थांबलं, नाहीतर पोट उघडायचं, आणि तिच्या अंगात ऑपरेशन सोसण्याइतकं रक्त उरलेलं नव्हतं. साठे म्हणाले, "रक्त आणा." तिचा नवरा मिठागरावर कामाला, त्याला निरोप पोचायचा होता. जाधवांनी शर्टाची बाही वर केली. त्यांचा ग्रुप जुळला. ते बाकावर आडवे होते आणि मी बाटलीकडे बघत होते, आणि मनात हेच चाललं होतं की ही बाई गेली तर परमनंट होण्यासाठी गेली.

ती गेली नाही. संध्याकाळकडे नळीतून येणारं पाणी आधी गुलाबी झालं, मग स्वच्छ. नाडी सावकाश हाताला लागायला लागली. साठे म्हणाले, "आज तरी सुरी नको." मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले.

सासू शेजारी येऊन बसली. तिला आतापर्यंत कोणीतरी सगळं सांगितलं होतं.

"बाय, मी दिलेल्या गोलीनी झाला का हा?"

याचं उत्तर डॉक्टर म्हणून एक होतं आणि माणूस म्हणून दुसरं. आदल्या दिवसाच्या गोळ्यांनी पोट आधीच सोललं होतं. हॉस्पिटलमध्ये दिलेल्या गोळीने दुसरी उलटी आणली का? बहुतेक हो.

"कालच्या गोळ्यांनी झालं, मावशी," मी म्हटलं. "आणि तुम्हीसुद्धा गुडघ्यांसाठी जेवल्याशिवाय घेऊ नका."

तिने मान हलवली. तिला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. केसपेपरसाठी साठ्यांनी त्या गोळीबद्दल विचारलं तेव्हा मी 'पेशंटने स्वतः घेतली' असं लिहायला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला ते आजही खटकत नाही.

सोमवारी एम. के. साहेब खुशीत होते. "म्हणजे कारखान्याचा दोष नाही! उपासाने झालं. नोटीस लावतो, कामावर उपास करण्यास मनाई."

"साहेब, उपास घरोघरी आहेत. सगळीकडे रक्त पडत नाही. यांनी गोळ्या का घेतल्या?"

"डोकं दुखलं म्हणून."

"डोकं का दुखलं?"

जाधव त्या दिवशी प्रथमच हसताना दिसले. मी रिपोर्ट लिहिला, त्यात दोन्ही लिहिलं, धुलाईचा वासही आणि रिकामं पोटही. दोघांनाही तो आवडला नाही, त्यावरून तो बरोबर असावा असं मी धरलं. बरीच ओढाताण होऊन शेडला एक्झॉस्ट फॅन बसले. फर्स्ट-एडच्या पेटीतून ॲस्पिरिन काढून पॅरासिटामॉल ठेवलं, ते पोटाला सौम्य असतं. शुक्रवारी ताकाऐवजी दूध आणि केळी आली. केळं चालतं की नाही यावर बायकांची चर्चा झाली आणि चालतं असं ठरलं. परमनंट त्या पुढच्या वर्षी झाल्या. श्रेय कोणाचं यावर युनियन आणि पॅकिंग सेक्शन यांच्यात शेवटपर्यंत मतभेद राहिले.

लोक मला अजून विचारतात, दुखण्याच्या गोळीवर दही चालेल का, लोणचं चालेल का, लिंबू चालेल का. बहुतेक सगळं चालतं. दारू चालत नाही, आणि काहीच न खाणं चालत नाही. दुसरं सांगितलं की लोकांना विशेष काही सांगितल्यासारखं वाटत नाही.

सुलोचना फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला आली तेव्हा सासू बरोबर होती. सुलोचना उतरली होती, पण आवाज पहिल्यासारखाच मोठा.

"डॉक्टरबाय, या म्हातारीनं लय केला माजा. रातचा दिवस केला. हिनं मना वाचवला."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी सर्टिफिकेटवर सही केली आणि म्हटलं, "हो. वाचवलं." म्हातारी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सुलोचनाला वाटलं, तिला कौतुकाने भरून आलं.

तेव्हापासून कोणालाही गोळी देण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. आज काय खाल्लं, आणि आज काय खायचं नाही. पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला वेळ लागतो. ते येईपर्यंत मी गोळी हातातून सोडत नाही.